खिरापत ओळखणारी

बोलता बोलता ती मध्येच चाकाच्या खुर्चीच्या दोन्ही हातांवर तळवे टेकायची आणि सगळं अंग वर उचलायची. कोपरं ताठ, खांदे कानाशी आलेले आणि कमरेखालचं सगळं अधांतरी. काही क्षण तशीच थांबायची आणि पुन्हा बसायची. दिवसभर हे चालायचं. ज्यांना ठाऊक होतं ते आपलं बोलणं चालू ठेवायचे, पण नवा माणूस दचकून उभा राहायचा. ही बाई आता चालायला लागणार, आपल्या डोळ्यांदेखत चमत्कार होणार, असं त्याच्या चेहऱ्यावर उमटायचं. ती त्याला थोडा वेळ तसंच आशेवर ठेवायची आणि मग म्हणायची, "बसा बाप्पा. मी कुठी जाऊन नाही राहिली."

एकदा तिच्या घरी सत्यनारायण होता. कथेत साधुवाण्याची नौका नुकतीच बुडाली होती आणि नेमकी तेव्हाच ही वर उचलली गेली. गुरुजी नवे होते. त्यांनी पोथी खाली ठेवली, उठले आणि चक्क हात जोडले. तिनं त्यांनाही बसवलं. गडबडीत गुरुजी कुठवर आलो होतो ते विसरले आणि साधुवाण्याची नौका त्या दिवशी दोनदा बुडाली.

कारण अगदी साधं होतं. एकाच जागी बसून कातडी दबते, मग तिथं जखम होते, आणि कमरेखालचं तर तिला काहीच कळत नव्हतं. खिळा रुतला काय आणि फूल ठेवलं काय, सारखंच. म्हणून डॉक्टरांनी मधून मधून अंग उचलायला सांगितलं होतं. डॉक्टरांचं हे एवढंच तिनं निमूटपणे ऐकलं. बाकी सगळ्या बाबतींत तिनं त्यांच्याशी वाद घातला.

तिचं नाव मी सांगणार नाही. आपल्याबद्दल कोणी काही लिहिलंय असं तिला कळलं, तर ती भांडायला वरून खाली येईल, आणि तिथं तरी उतार केलेला आहे की नाही कोण जाणे. तोंडावर मी तिला 'ताई' म्हणायचे, अहोजाहो करायचे. ती वयानं मोठी होती आणि मी नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीतून आलेली, शाळेच्या कचेरीत नोकरी करणारी, म्हणजे तिच्या मते 'पुस्तकी'. पण मनात ती मला कायम 'ती'च वाटली, तेव्हा इथंही तसंच लिहिते.

नागपुरातच नंदनवन नावाच्या वस्तीत आमची घरं समोरासमोर. मधे गल्ली एवढी अरुंद की तिच्याकडे फोडणी पडली की ठसका आमच्याकडे लागायचा. माहेर तिचं सावनेरकडचं, घरी शेती, आणि बोलणं थेट शेतातून आणल्यासारखं. नवरा कळमन्याच्या बाजारात एका धान्याच्या अडत्याकडे दिवाणजी. ते गृहस्थ इतके कमी बोलायचे की घरात दोघांच्या वाट्याचं तीच बोलते, असं आम्ही म्हणायचो.

पडली कशी, हे तिनं प्रत्येकाला निराळं सांगितलं. बँकेच्या माणसाला सांगितलं, गच्चीवर वाळत घातलेल्या मुगवड्या माकडं नेत होती, त्यांच्या मागं धावताना पडले. नवऱ्याच्या शेठाणीला सांगितलं, राजस्थानात उंटावरून पडले. शेठाणीनं तर हळहळून आपल्या ओळखीचा दुसरा एक उंटाचा किस्सा सांगितला. खरं असं, की शेजारच्या शेवग्याच्या झाडाला, आमच्याकडे ज्याला मुनगा म्हणतात, लांबसडक शेंगा लागल्या होत्या. त्या शेजाऱ्यांच्या होत्या, पण झुकल्या होत्या हिच्या गच्चीकडे. कठड्यावर चढून तिनं हात लांब केला आणि खाली गेली. आम्ही धावत गेलो तेव्हा ती पाठीवर पडलेली होती, शुद्धीत होती, आणि शेंगा मुठीत घट्ट. त्या सोडवून घेताना माझ्याकडे पाहून म्हणाली, यांची आमटी कर, वाया नको घालवू. मी केली आणि दवाखान्यातही नेली. आमटीत मीठ कमी आहे, ही तिनं दवाखान्यात पडल्या पडल्या काढलेली पहिली खोट. त्या दिवशी मला वाटलं, ही मरत नाही.

घरी परत आली तेव्हा भेटायला येणाऱ्यांची रांग लागली. तिनं त्यांची वर्गवारी केली होती. केळी आणणारे, नारळपाणी आणणारे आणि तेल सांगणारे. तेल सांगणाऱ्यांचा तिला सर्वांत राग. कोणी म्हणे अमक्या बाबाचं तेल लावा, मुंग्या येतील. ती म्हणायची, मुंग्या पिठाच्या डब्यात आलेल्या आहेत, त्या घेऊन जा. एक लांबची नणंद पदर डोळ्यांना लावून म्हणाली की सगळी देवाची इच्छा. तिनं शांतपणे विचारलं, "मंग बाथरूममध्ये मले देव नेणार हाये, का तू नेतं?" नणंद त्यानंतर फोनवरच चौकशी करू लागली.

एका संस्थेच्या बायका शाल-श्रीफळ घेऊन सत्कार करायला आल्या होत्या. त्यांनी तिच्या जिद्दीवर भाषण केलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मी नेमकं काय केलं? पडली. त्यात कायचा सत्कार? शाल मात्र ठेवून घेतली. हिवाळ्यात ती पायांवर घ्यायची आणि सांगायची की पायाले थंडी कळत नाही, पण शालीले तरी कुठी माहीत हाये.

दिवसाची व्यवस्था तिनं हळूहळू आपल्या हाती घेतली. लघवीची नळी घड्याळाच्या काट्यावर लावायची असायची. ती वेळ झाली की पाहुणे असोत की जावई, 'थांबा, नळ सोडून येते' असं जाहीर करून आत जायची. जावयाला पहिल्यांदा ठसका लागला, नंतर त्याची सवय झाली. नवऱ्यानं ओट्याशेजारी तिच्या मांडीच्या उंचीचा दुसरा ओटा करून घेतला. त्यावर ती पोळ्या लाटायची आणि दारातून जाणाऱ्या भाजीवाल्याशी तिथूनच, आवाज वाढवून, हुज्जत घालायची. भाजीवाला म्हणायचा, ताई आजारी आहेत असं कोण म्हणतं. तिला हे फार आवडायचं.

आता मुद्द्याचं. तुमच्यापैकी जे विदर्भाबाहेरचे आहेत त्यांना भुलाबाई सांगावी लागेल. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात भुलाबाई आणि भुलोजी बसतात, म्हणजे मातीचे शंकर-पार्वती. रोज संध्याकाळी मुली आणि हौशी बायका घरोघर जाऊन गाणी म्हणतात. गाणी झाली की खिरापत. ती मात्र लगेच मिळत नाही. घरची बाई झाकणाचा डबा आणते, तो कानाशी हलवून दाखवते आणि आत काय आहे ते पाहुण्यांनी ओळखायचं. गोड का, तिखट का, गोल का, लांब का असं विचारायचं. नाहीच जमलं तर हरलो म्हणायचं, मग झाकण उघडतं.

आमच्या गल्लीत मुलींपेक्षा बायकाच जास्त, आणि त्यांत ही सर्वांत पुढं. पडण्याआधी हिच्यासमोर कोणाची खिरापत टिकत नसे. डोळे मिटून ऐकायची आणि सांगायची. वाटली डाळ असेल तर डबा वाजतच नाही, तेव्हा आम्ही मुद्दाम ती करायचो. ती म्हणायची, जे वाजत नाही ते वाटली डाळ, नाहीतर माहा नवरा. गल्लीतल्या बायका तिच्यापायी नवनवे पदार्थ शिकल्या. तिला हरवायचं, एवढाच हेतू.

ती पडली त्या वर्षी भुलाबाई झालीच नाही. पुढच्या वर्षी आम्ही सगळ्यांनी मोठ्या समजूतदारपणे ठरवलं की ताईंना त्रास नको, सगळे दिवस त्यांच्याकडेच बसू. तिच्याकडे उंबरा काढलेला, जागा मोठी. मग ते गाडं तसंच चालू लागलं. हळदीकुंकू तिच्याकडे, मंगळागौरीचा सराव तिच्याकडे, वाढदिवसाचा केकही तिच्याकडे कापायचा. आम्हाला वाटायचं आपण तिला किती सांभाळून घेतो. आणि खरं सांगते, आमच्या घरी पसारा आवरावा लागत नव्हता, ही सोय कोणी बोलून दाखवली नाही तरी होतीच.

तिसऱ्या वर्षी तिनं डबा हलवायला नकार दिला. गाणी झाली होती, आम्ही गोल करून बसलो होतो, डबा तिच्या मांडीवर होता. हात झाकणावर ठेवून ती म्हणाली, नाही हलवत. आम्हाला वाटलं बरं नाही. कोणी पाणी आणायला उठली.

"पाणी नको मले. मले सांगा, मी पाहुणी म्हणून शेवटची कोणाच्या घरी गेली?"

तीच म्हणाली, "दवाखान्यात गेली. बँकेत गेली. सावनेरले मायच्या तेरवीले गेली. हा डबा हलवून हलवून माहे हात दुखून राहिले, अन् ओळखता तुमी. तुमच्या घरात काय चालू हाये, ते तुमी सांगता तेवढंच मले माहीत. अन् तुमी तर सगळ्या खोटारड्या."

यावर आमच्यातली एक भाबडी बाई म्हणाली, मग आम्ही खिरापत डब्यात घालून इथं आणतो ना ताई, तुम्ही ओळखा.

"डबा दवाखान्यात आणतात," ती म्हणाली. "खिरापत दुसऱ्याच्या घरी जाऊन ओळखाची असते."

मला आधी राग आला, कारण खोटारड्या म्हणताना ती माझ्याकडे पाहत होती. घरी येऊन मी पायऱ्या चढले आणि पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. पावसाळ्यात गल्लीत पाणी भरतं म्हणून आमच्या यजमानांनी घराचं जोतं उंच घेतलं होतं आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता. समोरच्या घरातली बाई त्या पायऱ्यांकडे रोज तिच्या खिडकीतून पाहत होती. मी यजमानांना म्हटलं, उतार करायचा.

पहिला दिवस स्कूटर कुठं लावायची यावर गेला. दुसऱ्या दिवशी यजमान तयार झाले आणि तिथून पुढं त्यांना आवरणं मुश्कील झालं. करायचं तर नीट करायचं, घराच्या दर्शनी भागात आहे, शोभा आली पाहिजे. चढ किती ठेवायचा ते त्यांनी चार ठिकाणी विचारलं, आणि तो अगदी बरोबर निघाला. फक्त वर घालायला ते बाजारातून गुळगुळीत, चकाकत्या, वेलबुट्टीच्या फरश्या घेऊन आले. पोर्चला शोभतील अशा. मीही म्हटलं, सुंदर आहेत. त्या पुसल्या की त्यांत आभाळ दिसायचं.

हे सगळं पुरं होईतो पुढचा भादवा आला आणि भुलाबाईच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे बसायचं ठरलं. सकाळी यजमानांनी स्वतः ओल्या फडक्यानं उतार पुसून लख्ख केला. बायकांनी कडेनं रांगोळी घातली. संध्याकाळी ती गल्ली ओलांडून आली. नवी साडी, केसांत गजरा, मांडीवर पर्स. ती पर्स तिनं कित्येक वर्षांत बाहेर काढली नव्हती. तिनं दोन्ही हातांनी चाकं फिरवली. चाकं फिरली आणि खुर्ची जागच्या जागी राहिली. पुन्हा जोर लावला, थोडी वर गेली आणि हळूच, अगदी सावकाश, मागं घसरत आली. मग मागून ढकलायला मी आणि आणखी एकजणी लागलो. आमच्या चपला घसरल्या. ती, खुर्ची आणि आम्ही दोघी असं सगळं मिळून खाली आलं आणि रांगोळीवर थांबलं. लागलं कोणालाच नाही. माझ्या साडीला मागून मोर उमटला होता.

मला वाटलं आता ती रडेल. ती एवढी हसली की नवऱ्याला तिला धरावं लागलं. यजमानांना म्हणाली, भाऊजी, घसरगुंडी मस्त केली, बागेत जायाची माही हौस राहूनच गेली होती. यजमान खांबाला टेकून उभे होते. पुलावरून पाणी वाहून गेल्यावर इंजिनियर जसा पुलाकडे पाहतो तसे ते फरश्यांकडे पाहत होते.

तिचा नवरा काही न बोलता स्कूटर काढून गेला. कळमन्याहून परत आला तेव्हा मागं रिकाम्या पोत्यांची गठडी बांधलेली होती. त्यानं पोती उतारावर एकमेकांवर चढवून अंथरली, वरच्या टोकाला सुतळीनं पोर्चच्या खांबाला बांधली, पायानं दाबून पाहिली आणि बायकोकडे पाहिलं. चाकांनी तागाला धरलं. ती आपल्या हातांनी, मध्ये दम घेत, वर आली. पोर्चमध्ये आल्यावर कपाळाचा घाम पुसून म्हणाली, "चढलं एकदाचं पोतं."

मी ओवाळायला तबक घेऊन उभी होते. तिनं ते बाजूला करायला लावलं. ओवाळून घ्यायला आली नव्हती, पाहायला आली होती. बैठकीतून ती थेट स्वयंपाकघरात गेली. दाराच्या चौकटीत चाक घासलं, रंग निघाला, आणि ती तशीच पुढं गेली. आपण उभ्या बायका. आपली नजर ओट्याच्या वर, तेवढंच आपण लख्ख ठेवतो. तिची नजर ओट्याखाली. सिलिंडरमागची जाळी तिनं पाहिली, झुरळांच्या खडूच्या रेघा पाहिल्या, फुटकी बरणी पाहिली आणि हात घालून एक स्टीलचा डबा बाहेर काढला. डब्यावर तिचं नाव कोरलेलं होतं. पडण्याच्या आधी कधीतरी तिच्याकडून लाडू आले होते त्याचा तो डबा. मी म्हटलं, अगंबाई, मी हा सगळीकडे शोधला. ती म्हणाली, सगळीकडे म्हणजे ओट्याच्या वर. मग पदरानं डबा पुसून माझ्या हातात दिला आणि खिरापत यातच घाल म्हणाली.

मी घातली. गाणी झाली. मी डबा हलवला. बायकांनी चिवडा म्हटलं, शंकरपाळे म्हटलं, कोणी करंजी म्हटलं. ती डोळे मिटून बसली होती. सगळ्या थांबल्या. तिनं पुन्हा हलवायला लावला.

"शेव," ती म्हणाली. मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "बाजारातली."

मी सकाळपासून सगळ्यांना सांगत होते की तळणीशी उभी राहून पाय दुखले. ती म्हणाली की घरच्या शेवेचा चुरा तळाशी खसखस वाजतो, ही तर अख्खी अख्खी वाजून राहिली. आणि दुकान कोणतं तेही सांगितलं. माझी पुरती शोभा झाली. ती मात्र इतक्या आनंदात होती की गरज नसताना दोनदा खुर्चीत वर उचलली गेली.

फरश्या आम्ही काढल्या आणि खडबडीत सिमेंट केलं. पुढं गल्लीत बऱ्याच घरांनी काही ना काही केलं. कोणी फळी टाकली, कोणी विटांचा उतार केला. एका घरी वास्तूत बसत नाही म्हणून नाही झाला, तर त्या घराबद्दल ती शेवटपर्यंत चांगलं बोलली नाही. आम्ही चौघी उचलून नेतो, असं म्हणणाऱ्यांना ती साफ नकार द्यायची. उचलून नेलेल्या माणसाला रागानं निघून येता येत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

आणि निघून येणं तिनं करून दाखवलं. एका दुपारी माझ्याच घरी सांबारवडीवरून आमचं जुंपलं. आम्ही नागपूरकर कोथिंबिरीला सांबार म्हणतो, आणि तिच्या वडीत माझ्या मते खसखस फार असायची. मी तेवढंच म्हटलं. ती म्हणाली, महालवाल्यांना चव कधीपासून कळायला लागली. मी तिच्या माहेरावर गेले, ती माझ्या सासरावर. मग तिनं खुर्ची गर्रकन वळवली, दाराला आणखी एक ओरखडा पाडला आणि मागं न पाहता उतारावरून खाली गेली. स्वतःच्या फाटकातून आत शिरून तिनं फाटक आपटलं.

संध्याकाळी तिचा नवरा आमच्या फाटकाशी आला. मला वाटलं समजूत घालायला आला. पण चपलेकडे पाहत तो म्हणाला, "लय दिवसांनी कोणाच्या घरून भांडून आली. चांगली जेवली आज." आणि निघून गेला. एवढं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून त्याआधी ऐकलं नव्हतं. मला त्या माणसाला नमस्कार करावासा वाटला. अबोला मात्र आम्ही रीतसर पाळला.

तिच्या शेवटच्या उन्हाळ्यात सावनेरला तिच्या भाचीचं लग्न होतं. ती गेली, वरातीत पुढं राहिली, जेवणाला नावं ठेवली. परतताना जीपमध्ये माणसं कोंबलेली. हात टेकायला जागा नव्हती आणि गप्पांच्या नादात तिलाही उचलायची आठवण राहिली नाही. घरी आल्यावर नवऱ्याला जखम दिसली. ती भरली, चिघळली, पुन्हा भरली. पावसाळ्यात ताप चढला आणि तिला दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, एवढा प्रवास कशाला केला. ती म्हणाली, लग्न पाहाले.

मी भेटायला गेले तेव्हा तोच डबा घेऊन गेले. मी आदल्या दिवशी शेव केली होती. खरंच केली होती, घरी, सोऱ्या घेऊन, दोन्ही मनगटं भरून येईपर्यंत. का केली ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. ती उशीवर लहान दिसत होती. डबा पाहून म्हणाली, आणला शेवटी दवाखान्यात.

मी म्हटलं, हलवू का?

"हलव."

मी तिच्या कानाशी डबा हलवला. शेजारच्या खाटेवरची बाई आमच्याकडे पाहू लागली. हिनं डोळे मिटले होते, मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "शेव हाये. घरची."

मी विचारलं, कशावरून?

"पुरा चुरा झाला हाये."

मी झाकण उघडून पाहिलं. खरंच सगळा चुरा होता. आम्ही दोघीही हसलो, तिला हसताना धाप लागली. मग तिनं खाटेच्या कडेच्या दांड्या धरल्या आणि अंग उचलायचा प्रयत्न केला. अंग थोडं हललं, उचललं गेलं नाही. आणि इतकी वर्षं तिला पाहिलेली मी एखाद्या नव्या माणसासारखी दचकून उभी राहिले.

"बस वं," ती म्हणाली. "मी कुठी जाऊन नाही राहिली."

त्याच आठवड्यात ती गेली. माझं प्रत्येक खोटं पकडणाऱ्या बाईनं मला सांगितलेलं हे एवढं एकच खोटं.

तिचा नवरा अजून समोर राहतो. ओट्याशेजारचा तो बुटका ओटा त्यानं तोडलेला नाही, त्यावर तो स्वतःपुरत्या पोळ्या लाटतो आणि त्यासाठी स्टुलावर बसतो. आमचा उतारही आहे. त्यावरून गॅसचं सिलिंडर येतं, यजमानांचे गुडघे येतात, आणि पोरं सायकली सोडतात. स्कूटर कुठं लावायची हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

यंदा भुलाबाई पहिल्या दिवशी आमच्याकडे होती. मी त्याच डब्यात शेव घातली, कोपऱ्यावरच्या त्याच दुकानातली. गाणी झाली, डबा हलवला. दोन-तीन चुकीची नावं झाल्यावर नव्यानं लग्न होऊन आलेल्या एका मुलीनं शेव म्हणून ओळखलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, झाकण उघडलं, शेव वाटली. ती मुलगी खात खात म्हणाली, काकू, काय मस्त झालीय, घरी केली का?

मी हो म्हटलं. सकाळपासून तळणीशी उभी होते, असंही सांगितलं. बायका माना डोलावून खात राहिल्या. मी उरलेल्या शेवेचा डबा उगाच आणखी एकदा हलवला आणि थांबले. कोणीच काही म्हणालं नाही. मग पाणी आणते म्हणून मी स्वयंपाकघरात आले आणि ओट्याशेजारी जमिनीवर बसून रडले. तिथून सिलिंडरमागची जाळी दिसत होती.